ड्रायव्हरसाठी नियम कुठे होता?

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले दोन कोरोना रुग्ण सापडले. दुबईची सहल करून १ मार्चला परतलेलं जोडपं. दुसऱ्या दिवशी यादीत तिघांची भर पडली : त्यांची मुलगी, विमानातला एक सहप्रवासी आणि मुंबई विमानतळावरून त्यांना पुण्याला आणणारा टॅक्सीचालक. हा चालक दुबईला गेला नव्हता. विमानात बसला नव्हता. त्याने भाडं घेतलं आणि गाडी चालवली, एवढंच.

म्हणजे राज्यातल्या पहिल्या पाच रुग्णांत एक ड्रायव्हर होता. सरकारला साथीने पहिल्याच आठवड्यात दाखवून दिलं होतं की, रोग विमानातून उतरतो आणि गाडीत बसतो. तरीही पुढची दोन वर्षं परदेशातून येणाऱ्यांसाठी आदेशांवर आदेश निघत राहिले, ते सगळे विमानतळाच्या दारापर्यंतचे. दाराबाहेर पाटी धरून उभा असलेला माणूस कुणालाच दिसला नाही.

हा माणूस आपल्या भागातला आहे, म्हणून हा विषय मी सोडणार नाही. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीत कोरियन, इटालियन, चिनी कंपन्यांचे कारखाने आहेत. दौंडला कुरकुंभची रसायनांची वसाहत आहे. तिथे येणारा परदेशी इंजिनिअर लोहगावला किंवा मुंबईला उतरतो, आणि त्याला आणायला शिरूर, शिक्रापूर, न्हावरा, चौफुल्याचं पोरगं जातं. कर्ज काढून घेतलेली गाडी, पांढरा शर्ट, रात्री अकराला आलेला फोन : ‘भाऊ, पहाटेचं पिकअप आहे.’ फ्लाइट लेट झाली की तो गाडीतच सीट मागे करून पडतो. सकाळी पाहुण्यांना गेस्ट हाउसवर सोडतो आणि घरी येतो. घर म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत आईवडील, दुसरीत बायको-मुलं. यातल्या कुठल्या खोलीत त्याने चौदा दिवस वेगळं राहायचं होतं?

विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठी मात्र नियम होते आणि ते बारकाईने लिहिलेले होते. ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ची विमानं परदेशात अडकलेल्यांना आणू लागली, तेव्हा वैमानिक आणि केबिन क्रूची उड्डाणाआधी चाचणी, अंगावर पीपीई किट, परतल्यावर पुन्हा चाचणी, अहवाल येईपर्यंत अलग राहणं, अशी सगळी आखणी होती. ती हवीच होती. ज्यांनी ती विमानं नेली त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्याआधी मार्चमध्ये हेच लोक घरी परतले तेव्हा त्यांच्याच सोसायट्यांनी त्यांना वाळीत टाकायला कमी केलं नाही. एअर इंडियाला जाहीर निवेदन काढून, आमच्या माणसांना त्रास देऊ नका, असं सांगावं लागलं. वर्षभराने, मे २०२१ मध्ये, वैमानिकांच्या संघटनेला लसीसाठी काम थांबवण्याचा इशारा द्यावा लागला. त्याच महिन्यात एअर इंडियाचे पाच ज्येष्ठ वैमानिक गेले. १४ जुलै २०२१ पर्यंत कंपनीचे ३,५२३ कर्मचारी बाधित झाले होते आणि ५६ जण मरण पावले होते. हा आकडा मंत्र्यांनी लोकसभेत दिला.

तो आकडा आपल्याला कळला, कारण ती माणसं कुणाच्या तरी हजेरीपटावर होती. टुरिस्ट गाडी चालवणारे किती गेले? संसदेत कुणी मागितला असता, तरी हा आकडा द्यायला कुणाकडे नव्हता.

नियम असला तरी तो राबवणारा माणूसच असतो, हेही लक्षात ठेवायला हवं. ३० मे २०२० रोजी दिल्लीहून मॉस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान उझबेकिस्तानच्या हद्दीतून माघारी बोलवावं लागलं. एका वैमानिकाचा अहवाल पॉझिटिव्ह होता आणि तपासणाऱ्याने तो निगेटिव्ह म्हणून वाचला होता. सुदैवाने विमानात प्रवासी नव्हते, ते मॉस्कोहून यायचे होते. पण विचार करा : चूक झाली, तरी अहवाल होता म्हणून ती पकडता आली. विमान आकाशातून मागे फिरवता आलं. ज्याचा अहवालच नाही, त्याची गाडी नगर रोडवरून मागे कोण फिरवणार?

या प्रश्नाची किंमत एका मोठ्या शहराने मोजली आहे. ऑस्ट्रेलियाने देशाचं दार जवळपास बंद करून घेतलं होतं. परदेशातून येणाऱ्याला हॉटेलात चौदा दिवस, बाहेर पहारा. विमानाच्या क्रूसाठीही कडक बंधनं. १६ जून २०२१ रोजी सिडनीत साठीतला एक लिमोझिनचालक बाधित निघाला. त्याचं काम काय, तर परदेशातून आलेल्या विमान कर्मचाऱ्यांना विमानतळावरून नेणं-आणणं. त्याने लस घेतलेली नव्हती. तो ज्या बाँडाय भागात वावरला, तिथून डेल्टा पसरला. दहा दिवसांत अख्ख्या सिडनीत टाळेबंदी लागली, ती उठायला ११ ऑक्टोबर उजाडला. पन्नास लाख वस्तीचं शहर साडेतीन महिने घरात बसलं.

लोकांनी त्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या. पोलिसांनी चौकशी केली. निष्कर्ष काय निघाला? चालकाने किंवा त्याच्या मालकाने आदेश मोडल्याचा पुरेसा पुरावा नाही. मग घाईघाईने आदेश दुरुस्त झाला आणि अशा चालकांना मास्क, लस, रोजची चाचणी सक्तीची झाली. आधी चालक आजारी पडला आणि मग त्याच्यासाठी नियम आला. जगातल्या श्रीमंत, शिस्तीच्या देशात हे झालं. पुण्याने त्याच्या पंधरा महिने आधी हाच धडा पाहिला होता. आपण तो नीट वाचला असता, तर जगाला सांगता आला असता.

तैवानची गोष्टही याच वळणाची. तिथे एप्रिल २०२१ मध्ये वैमानिकांचं विलगीकरण कमी करून तीन दिवसांवर आणलं गेलं. मालवाहू विमानं थांबू नयेत, हे त्यामागचं कारण. त्याच सुमारास वैमानिकांत आणि विमानतळालगतच्या हॉटेलात रुग्ण सापडले आणि हॉटेलचे कर्मचारीही त्यातून सुटले नाहीत. चादरी बदलणारे, डबे पोचवणारे, गाडी चालवणारे : विलगीकरण म्हणजे या लोकांचं काम वाढणं, हे नियम लिहिणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.

आता आपल्या राज्याकडे येऊ. ओमिक्रॉन आला तेव्हा आपलं सरकार झोपलं नव्हतं, हे कबूल करतो. ३० नोव्हेंबर २०२१ ला महाराष्ट्राने केंद्रापेक्षा कडक आदेश काढला : धोक्याच्या देशांतून आलेल्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण आणि दुसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशी चाचणी. केंद्राने दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिलं की, आमच्या नियमांशी जुळवून घ्या. २ डिसेंबरला राज्याने आदेश बदलला आणि हा कडक नियम दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, झिम्बाब्वे या तीन देशांपुरता ठेवला. दोन दिवसांनी राज्यातला पहिला ओमिक्रॉनबाधित जाहीर झाला. तो होता डोंबिवलीचा, जहाजावर काम करणारा तरुण इंजिनिअर. केपटाउनहून दुबई, दुबईहून दिल्ली, दिल्लीहून मुंबई असा आलेला. दिल्लीत त्याचा नमुना घेतला होता आणि अहवाल यायच्या आत तो पुढच्या विमानाने मुंबईत उतरला होता. त्यात त्याचा दोष नव्हता. तेव्हा तसं चालत होतं. महिनोन्‌महिने जहाजावर असल्यामुळे त्याला लसही मिळाली नव्हती. कामासाठी जगभर फिरणाऱ्याला लस नाही आणि घरी बसलेल्याला आहे, हा उलटा न्याय होता.

त्याच्या आठवडाभर आधी, २७ नोव्हेंबरला, राज्याने आणखी एक आदेश काढला होता आणि त्यात ड्रायव्हरचा उल्लेख सापडतो. कसा? सार्वजनिक वाहतुकीत लस पूर्ण झालेलीच माणसं हवीत. आणि टॅक्सीत किंवा खासगी गाडीत प्रवाशाने नियम मोडला, तर प्रवाशाला ५०० रुपये दंड आणि चालकालाही ५०० रुपये दंड.

मागे बसलेला साहेब मास्क हनुवटीखाली ओढून फोनवर बोलतोय. त्याला ‘मास्क लावा’ म्हणायची टाप असलेला ड्रायव्हर मला दाखवा. म्हटलं तर पुढची ट्रिप दुसऱ्याला जाते. नाही म्हटलं तर दंड. त्याच्या संरक्षणाची जबाबदारी न घेणाऱ्या सरकारला त्याच्या खिशात हात घालायला मात्र एक ओळ सापडली. याची मला चीड येते आणि ती ओळ लिहिणाऱ्याला यायला हवी होती.

संरक्षण त्यांचं त्यांनीच केलं. ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पारदर्शक प्लास्टिक, कडेने खाकी चिकटपट्टी, वर हँडलला बांधलेली सुतळी. उन्हाने चिकटपट्टी सुटायची, पुन्हा लावायची. एसीची हवा मागे जात नाही म्हणून पाहुणे कुरकुरायचे, मग ते प्लास्टिक अर्धं दुमडलं जायचं. सॅनिटायझरची बाटली स्वतःच्या पैशाने, मास्क स्वतःच्या पैशाने, चाचणी करायची तर तीही स्वतःच्या पैशाने. आणि ती पॉझिटिव्ह आली तर दोन आठवड्यांचं भाडं बुडालं. हप्ता मात्र थांबत नव्हता. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये मार्चपासून ऑगस्टपर्यंत हप्त्यांना सवलत दिली, पण त्या महिन्यांचं व्याज चढतच राहिलं. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने परवानाधारक रिक्षाचालकांना १,५०० रुपये जाहीर केले. टुरिस्ट गाडीवाला त्यातही नव्हता. अशा वेळी घसा खवखवला तर माणूस चाचणीला जाईल की काढा पिऊन गाडी काढेल? काढा पिऊन गाडी काढणाऱ्याला मी बेजबाबदार म्हणणार नाही. त्याला त्या कोपऱ्यात आपण ढकललं.

दौंडकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दौंड हे जंक्शन आहे, इथल्या घराघरांत रेल्वे आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सांगोल्याहून मनमाडला किसान रेल सुरू झाली, ती दौंडवरूनच गेली. देश घरात बसला होता तेव्हा इथले लोको पायलट आणि गार्ड मालगाड्या नेत होते, रनिंग रूममध्ये एकाने सोडलेल्या खाटेवर दुसरा झोपत होता. राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ इथलेच. त्या उन्हाळ्यात मुंबईचा बंदोबस्त करून परतलेले जवान बाधित निघाले, तेव्हा गावात कुजबुज झाली की, जवानांनी रोग आणला. जवानांना मुंबईला कोणी पाठवलं होतं? ते फिरायला गेले नव्हते. विमानाचा क्रू असो, राखीव दल असो, सांगलीहून बेस्टच्या मदतीला मुंबईत गेलेले एसटीचे चालक-वाहक असोत, परतताना त्यांच्याबरोबर रोग आला तो आपण दिलेल्या कामातून आला. मग चाचणी, राहण्याची वेगळी सोय आणि त्या दिवसांचा पगार ही काम देणाऱ्याची जबाबदारी. ज्यांना मालक आहे त्यांच्या मालकाची, ज्यांना नाही त्यांच्यासाठी सरकारची.

१८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या वेळी झाला. तेव्हा त्यात बंदरात येणारी जहाजं तपासायचा अधिकार होता. २०२० च्या दुरुस्तीने त्यात बस, रेल्वे, मालवाहू गाडी, विमान सगळं आलं. १२३ वर्षांनी कायदा रस्त्यावर उतरला, चांगलं झालं. मे २०२५ मध्ये जगातल्या देशांनी जिनिव्हात महासाथ करारही स्वीकारला. करार जिनिव्हात होवोत, पण पाहुणा रांजणगावच्या गेस्ट हाउसवर पोचतो तो शिरूरच्या गाडीने, त्यामुळे उरलेलं काम तालुक्याला करावं लागेल.

ते काम फार मोठंही नाही. साथीत परदेशातून येणाऱ्याकडून जो अर्ज भरून घेत होते, त्यात विमानातला आसन क्रमांक विचारत होते. पुन्हा तसा अर्ज आला, तर त्याच्याखाली आणखी एक ओळ हवी : विमानतळावरून कुठल्या गाडीने जाणार, गाडीचा नंबर, चालकाचा मोबाइल. ॲपवरच्या गाडीची नोंद निदान ॲपवर तरी असते. एका फोनवर निघालेल्या गाडीची कुठेच नसते. पाहुणा बाधित निघाला की तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा पहिला फोन त्या ड्रायव्हरला जायला हवा, पाहुण्याच्या कंपनीला दुसरा. चाचणी फुकट आणि ती शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात, पुण्याला हेलपाटा नको. वेगळं राहायला जागा. आणि जितके दिवस त्याला घरी बसवाल, तितक्या दिवसांची मजुरी. ज्या कारखान्याचा पाहुणा, त्या कारखान्याने ती द्यावी. गेस्ट हाउसचं बिल ते देतातच, त्याच बिलात ही रक्कम धरायला काय हरकत आहे?

रांजणगाव आणि कुरकुंभच्या उद्योजकांच्या बैठका होतात, प्रांत आणि तहसीलदार तिथे असतात. वीज, पाणी, खड्डे यांवर बोलणं होतं. पुढच्या बैठकीत हा विषय निघावा, आणि टेबलाशी निदान दोन खुर्च्या अशा असाव्यात, ज्यांवर रात्रीचं पिकअप करणारी माणसं बसलेली असतील. त्यांना विचारा, गेल्या वेळी काय झालं. ते सांगतील.