दुसऱ्या गिअरचा मानपान

आमच्या ओम्नीचा दुसरा गिअर पडला की ठाण्याच्या निम्म्या टेंभी नाक्याला कळतं. कर्रऽऽ असा आवाज होतो, फुलवाला हार ओवता ओवता मान वर करतो, रिक्षावाले एकमेकांकडे बघून हसतात आणि कुणीतरी हमखास ओरडतं, "दादा, क्लच मारा की!" जणू मी आजवर क्लच न दाबताच गाडी हाकत आलोय.

गाडी १९९८ सालची. मारुतीने ही व्हॅन १९८४ मध्ये आणली आणि २०१९ मध्ये बंद केली. मधल्या काळात तिने शाळेची पोरं, लग्नाची वऱ्हाडं, पेशंट आणि हिंदी सिनेमातल्या पळवून नेलेल्या नायिका, सगळ्यांना सारख्याच मायेने वाहिलं. आमच्याकडे ती मुक्कामाची गाडी आहे. मागची सीट पाडायची, वर प्लायवूड टाकायचं, त्यावर मापात शिवून घेतलेली कापसाची गादी, खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे, पायाशी स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, म्हणजे इतकी वर्षं आपण धोरणाशिवायच झोपत होतो!" सरकारचं आमच्याकडे लक्ष नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली, आणि ती आम्ही भरली.

या गाडीचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे थंडीत बूड शेकतं, उन्हाळ्यातही शेकतं, आणि काही बिघडलं की आधी माणसांना उठवून सीट उचलावी लागते. पुढे बसलेल्या पाहुण्याला बॉनेटचा मान देणारी दुसरी गाडी माझ्या पाहण्यात नाही.

इंजिनाची माझी तक्रार नाही. प्रश्न गिअरबॉक्सचा. गिअर चारच, पण चारही सारखे झिजत नाहीत. तुम्ही राहता कुठे त्यावर ते ठरतं. टेंभी नाक्याहून कोर्ट नाका, तिथून स्टेशन, परत येताना जांभळी नाक्याचा बाजार. या सबंध प्रदक्षिणेत पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, आणि मधल्या वेळात हाफ क्लच. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम निघाल्यापासून तिकडेही तेच. तिसरा पडला की घरात सणासारखं वाटतं. चौथ्याची गाठ पडते ती थेट मुरबाड सोडल्यावर. नवरात्रात मात्र बॉक्सला सक्तीची रजा असते. आनंद दिघ्यांनी १९७८ मध्ये सुरू केलेला इथला देवीचा उत्सव म्हणजे मुंगीला शिरायला जागा नाही; रस्ता गाड्यांना बंद. तेवढे दिवस आमचा दुसरा गिअर देवीच्या कृपेने गप्प असतो.

त्याचं दुखणं तसं साधं आहे. दोन वेगळ्या वेगाने फिरणारी चाकं एकमेकांत अडकवायची तर आधी त्यांचे वेग जुळवावे लागतात. हे काम एक पितळी रिंग करते. आपण दांडी ढकलली की ती गिअरच्या शंकूवर घासते, वेग जुळवते आणि मग दातात दात बसतात. ही सिंक्रोमेशची सोय कॅडिलॅकने १९२८ मध्ये मोटारीत आणली. त्याआधीच्या ड्रायव्हरांना हे पायाने आणि कानाने करावं लागायचं. रिंग झिजली की आपणही १९२८ च्या मागे जातो.

तिथे माझी वाट बघत होते आमच्या चाळीतले एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका. ते शेजारी बसले, डोळे मिटले, आवाज ऐकला आणि म्हणाले, "सिंक्रो गेला. असले लाड आम्हाला नव्हतेच. डबल क्लच मारायला शिक." क्लच दाबायचा, न्यूट्रलला आणायचं, क्लच सोडायचा, तिसऱ्यावरून येत असाल तर हलकी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दुसरा टाकायचा. थोडक्यात, दुसरा गिअर म्हणजे घरचा जावई: एका बोलावण्यात येणं त्याच्या इतमामाला शोभत नाही. जमलं की दांडी लोण्यासारखी आत जाते. पण कोर्ट नाक्याच्या सिग्नलला हे सगळं होईपर्यंत मागचे हॉर्न सुरू होतात, आणि हॉर्नने वेळ चुकते.

निदान करणारे नाक्यावर बरेच. बहुतेकांचं म्हणणं एकच, "तेल बदला." आम्ही बदललं. इथे जाणकारांनाही माहीत नसलेली एक गंमत आहे. दुकानात नुसतं "नव्वदचं ऑईल द्या" म्हटलं की हाताला लागेल तो डबा मिळतो. पण जीएल-फाइव्ह जातीच्या तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. मागच्या डिफरन्शियलच्या दातांना ती मानवतात, पितळी रिंगला बऱ्याचदा बाधतात. बॉक्सला जीएल-फोर बरं. एवढं मी काउंटरवर सांगितलं तर दुकानदार म्हणाला, "साहेब, गाडी ओम्नीच आहे ना?"

क्लचचं बेअरिंग गेलंय, असाही एक पक्ष होता. ते मीच खोडून काढलं. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर क्लचचं बेअरिंग. न्यूट्रलला असलेला आवाज पेडल दाबल्यावर थांबत असेल तर बॉक्सचं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. आमच्याकडे फक्त कर्रऽऽ होतं.

नुसतं कर्रऽऽ असतं तर मी ते आणखी काही वर्षं सोसलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात परतीच्या वाटेवर माळशेज उतरताना दुसरा उडाला. घाट उतरायचा तो गिअरवर, ब्रेकवर नाही, नाहीतर ब्रेक तापून हात टेकतात. आणि नेमका तो गिअरच न्यूट्रलला येऊन बसला. पुन्हा टाकला, पुन्हा उडाला. शेवटी मी स्टिअरिंग धरलं आणि बायकोने दोन्ही हातांनी गिअरची दांडी. धबधब्याखाली भिजणारी पोरं आमच्याकडे बघून हात हलवत होती. तिला उलट हात हलवता येईना, याचा राग तिने टोकावडे येईपर्यंत माझ्यावर काढला.

मग मात्र बॉक्स उतरवला. मिस्त्रीने वर्तमानपत्रावर सगळे भाग ओळीने मांडले. दुसऱ्याची रिंग त्याने माझ्या तळहातावर ठेवली. आतल्या बारीक आट्यांवर नख फिरवलं तर ते सरळ घसरलं, अंगठीवरून घसरावं तसं. चौथ्याच्या रिंगेत मात्र नख अडकत होतं, नवी कोरी. सोबत आमचे शेजारी नाना आले होते, हयात कोषागारात गेलेले. ते वाकून बघत म्हणाले, "मग चौथ्याची काढून दुसऱ्याला लावा की."

"काका, माप वेगळं असतं."

"पहिल्याची?"

"ती याच्यापेक्षा गेलीय."

नानांनी मनाशी हिशेब केला. "मग चौथा हवाय कशाला? ठाण्यात राहून त्याचा उपयोग काय? नवा आहे तोवर विकून टाका, लेबर तरी सुटेल."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि पोऱ्याला तीन चहा सांगितले.

"त्यात एक बिनसाखरेचा," नाना म्हणाले.