वजा नंबरचा गूळ

(मार्गशीर्षातली पौर्णिमा, रात्रीचे साडेदहा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली गच्ची. पुण्याहून आलेला भाचा नवी दुर्बीण स्टँडवर बसवतोय. मामा कानटोपी घालून उकिडवे बसलेत.)

मामा : केवढ्याला पडली?

भाचा : अठरा हजार. या, लावा डोळा. हा व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा.

मामा : ठिपका हाय. (डोळा काढून वर बघत) हितनंबी ठिपकाच हाय.

भाचा : तारे इतके लांब असतात मामा, की अशा दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. फक्त जास्त ठळक.

मामा : अठरा हजाराचा ठळकपणा.

भाचा : बरं, चंद्र बघा. खड्डे दिसतील.

मामा : पांढराफटक! डोळं दिपलं. खड्डं कुठायत?

भाचा : पौर्णिमेला ऊन चंद्रावर सरळ समोरून पडतं, त्यामुळे सावल्या नसतात. अष्टमीच्या सुमाराला तिरपं पडतं, तेव्हा खड्डे उठून दिसतात.

मामा : मग पुनवेला कशाला आलास?

भाचा : शनिवार होता. (मोबाईल आभाळाकडे धरून) हे ॲप पण बिघडलंय. याला मृग म्हणतंय. मृग तर जूनमध्ये असतो ना?

मामा : ॲप शहाणं हाय. मृगच त्यो. चार चांदण्या म्हंजी पाय, मधल्या तीन म्हंजी बाण, आन् बाणाच्या रेघंत खाली तुझा व्याध.

भाचा : मग जूनमध्ये?

मामा : जूनात दिसतच न्हाई. मृग लागतो म्हंजी सूर्य मृगात जातो. सात-आठ जूनला. मग मृग सूर्यासंगं उगवणार, त्याच्यासंगं मावळणार. कसा दिसंल?

भाचा : म्हणजे सहा महिन्यांनी सूर्य बरोबर पलीकडे, आणि मृग रात्रभर आपल्याकडे!

मामा : आन् पुनवेचा चंद्र सूर्याच्या समोर. मग आज चंद्र कुठं पायजे?

भाचा : मृगाजवळ... आहेच की तिथे!

मामा : म्हणून ह्यो मार्गशीर्ष.

भाचा : मामा, 'क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याचा वर्षभराचा भासमान मार्ग'. या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण आहेत. कळला आत्ता. तुम्ही कुठे शिकलात?

मामा : लाईटीपायी. शेतीची थ्री फेज रातचीच येती. गव्हाला पाणी देताना बांधावर बसून दुसरं काय बघणार?

भाचा : मग तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, हेही माहीत असेल.

मामा : चार मिन्टं न्हाई मोजली. महिन्याला दोन तास सरकत्यात, एवढं ठावं हाय.

भाचा : तेच झालं! बरं, आता मी सांगतो. ताऱ्यांचं तेज प्रतीत मोजतात. पहिल्या प्रतीचे ठळक, सहाव्या प्रतीचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे.

मामा : गुळावानी. एक नंबर, दोन नंबर. पटलं.

भाचा : रोहिणी साधारण एक, मृगाच्या पायातला राजन्य जवळजवळ शून्य, व्याध वजा दीड.

मामा : थांब. वजा?

भाचा : काही तारे पहिल्या प्रतीपेक्षा तेजस्वी निघाले, मग आकडे खाली गेले. पौर्णिमेचा चंद्र वजा 12.7, सूर्य वजा 26.7.

मामा : माल जेवढा झ्याक, तेवढा आकडा खाली? असला वजा नंबरचा गूळ नेला तर अडत्या माझ्याकडनंच पैसं घेईल!

भाचा : ग्रीक लोकांनी पाडलेला पायंडा आहे. पुढे 1856 मध्ये पॉगसन नावाच्या इंग्रजाने हिशेब बसवला. पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेड शंभर पट.

मामा : म्हंजी एका प्रतीला वीस पट.

भाचा : नाही, अडीच पट. भागायचं नाही, गुणत जायचं. पाच वेळा.

मामा : (पुटपुटत) अडीच... सव्वासहा... साडेपंधरा... एकोणचाळीस... साडेसत्त्याण्णव. शंभर कुठं भरलं? वरचं अडीच कुणी खाल्लं?

भाचा : अहो, नेमका आकडा 2.512 आहे. पॉगसन प्रामाणिक होता. नंतर तीस वर्षं मद्रासच्या वेधशाळेत काढली त्याने.

मामा : सरकारी नोकरीत? मग अडीचच खाल्लं, मानूस चांगला.

भाचा : (घाईने) ही रोहिणी बघा. 65 प्रकाशवर्षं.

मामा : माझ्याच वयाची की.

भाचा : वय नाही, अंतर! उजेड एका वर्षात जेवढा जातो तेवढं एक प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

मामा : म्हंजी मी जन्मलो तवा निघालेला उजेड आज पोचला?

भाचा : अगदी बरोबर!

मामा : एवढा चालून आला, गुडघं दुखत नसतील त्याचं.

भाचा : आता शेवटचं. ही कृत्तिका. डोळ्यांनी सहा-सात तारे दिसतात, दुर्बिणीतून मोजा.

मामा : (डोळा लावून, बराच वेळ गप्प) आयला. ह्ये तर खंडीभर हायेत. आता तुझं अठरा हजार फिटायला लागलं बघ.

मामी : (खालून) अवो, लाईट आली! मोटार चालू केली मी. दारं कोण धरणार?

मामा : भाचा निघालाय! (डोळा तसाच) जा रं. कोपऱ्यात खोरं हाय.

भाचा : मी? मामा, दारं धरायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मामा : ॲपात बघ.