आत्याला खिसा नाही

रस्त्यात पाकीट सापडलं तर ते परत करणारी माणसं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. एसटीच्या बाकावर राहिलेली छत्री कंडक्टर डेपोत जमा करतो. रिक्षावाला दागिन्यांची पिशवी चौकीत नेऊन देतो आणि दुसऱ्या दिवशी निरीक्षकसाहेबांच्या हस्ते शाल-श्रीफळ घेताना त्याचा फोटो पेपरात येतो. हरवलेला कुत्रा परत केला म्हणून शाल-श्रीफळ घेणाऱ्या माणसाचा फोटो मात्र माझ्या तरी पाहण्यात नाही. चांगल्या जातीचा, लाघवी, गळ्यात पट्टा असलेला कुत्रा सापडला की तोच प्रामाणिक माणूस चौकीकडे न जाता दूधवाल्याला गाठतो. उद्यापासून अर्धा लिटर जास्त टाका.

माझी सांगलीची आत्या याच जातीची. भाजीवालीने चुकून दहा रुपये जास्त परत दिले तर ते द्यायला भर उन्हात पुन्हा मंडईत जाणारी बाई. एकदा देवळातून येताना पायात दुसऱ्याच कुणाची चप्पल आली, तर रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. अशा बाईच्या गावभागातल्या घराच्या पायरीवर लक्ष्मीपूजनाच्या रात्री एक सोनेरी लॅब्राडोर येऊन बसला.

दिवाळीत कुत्री हरवतात, यात नवल काही नाही. आपल्याला जो फटाका दणदणीत वाटतो तो त्यांच्या कानाला काय वाटत असेल ते त्यांनाच ठाऊक. माळ लागली की भलीभली कुत्री साखळी तोडून, कुंपणावरून उडी मारून सुटतात आणि आवाज थांबेल तिथे थांबतात. आत्याच्या गल्लीत सगळे पेन्शनर. तिथे दिवाळीचा सर्वांत मोठा आवाज म्हणजे चकली मोडल्याचा. कुत्रा थांबला यात त्याची अक्कल दिसली, दैवी संकेत नव्हे. पण आत्याला तो दिसला.

“लक्ष्मी कुठल्या रूपानं येईल सांगता येत नाही,” ती म्हणाली.

“अगं आत्या, तो नर आहे.”

“मग लक्ष्मण.”

बारसं झालं. भाऊबीजेला मी फराळाला गेलो तोवर लक्ष्मण सोफ्यावर होता आणि काका पाटावर. गळ्यातला लाल पट्टा आत्याने काढून ट्रंकेत ठेवला होता, कारण ‘घट्ट होत होता हो त्याला’. पट्टा निघाला तरी मानेभोवतीचे केस दबून जो गोल वळ पडला होता तो तसाच होता. कुणीतरी वर्षानुवर्षं या मानेभोवती हात घातलाय, हे त्या वळावरून आंधळ्यालाही कळलं असतं. शिवाय कुत्र्याला मराठी येत नव्हतं. ‘बैस’ म्हटलं तर तो नुसता बघत राही, ‘सिट’ म्हटलं की ताबडतोब बसे आणि वर पंजा पुढे करी. ज्या घरांत पोरांशी, नोकरांशी, देवाशी मराठी बोलतात त्या घरांतही कुत्र्याशी इंग्रजीच बोलायचं असतं, हा आपला जुना रिवाज. म्हणजे हे कुठल्यातरी बऱ्या घरचं लेकरू होतं. आत्याचा निष्कर्ष वेगळा: “बघ किती हुशार! चार दिवसांत इंग्रजी शिकला.”

गल्लीतून बुलेट गेली की लक्ष्मण फाटकाशी धावत जाई, मान वाकडी करून आवाज दूर जाईपर्यंत ऐकत राही आणि मग पडल्या चेहऱ्याने परत येई. आत्या म्हणे, “त्याला बुलेट मुळीच आवडत नाही.”

मी तिला हळूच म्हटलं, की याचा मालक शोधायला हवा. त्यावर मला जी तीन उत्तरं मिळाली ती महाराष्ट्रातल्या कुठल्याही गल्लीत, कुठल्याही सापडलेल्या कुत्र्याच्या बाबतीत, याच क्रमाने मिळतात. पहिलं, ज्याला कुत्रं सांभाळता येत नाही त्याला ते ठेवायचा अधिकारच काय. दुसरं, आम्ही कुठे आणायला गेलो होतो, तोच आपल्या पायांनी आला. आणि तिसरं, जे पहिल्या दिवशी म्हणता येत नाही पण आठव्या दिवशी हमखास येतं, आता त्याला आमची सवय झालीय. या तिसऱ्या उत्तराची खुबी अशी, की जितके दिवस कुत्रा दाबून ठेवावा तितका तो ठेवणं पुण्याचं होत जातं. सापडलेल्या अंगठीबद्दल ‘आता तिला माझ्या बोटाची सवय झालीय’ असं म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

आत्याने संतही साक्षीला काढले. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले नव्हते का? मी म्हटलं, धावले, पण तूप लावून झाल्यावर त्यांनी कुत्रं घरी आणलं नाही. मग ती महाभारतात शिरली. धर्मराजाच्या मागे शेवटपर्यंत कुत्रंच गेलं, त्याने विचारलं का ते कुणाचं म्हणून? विचारणार कुणाला, वाटेत बाकीचे सगळे पडले होते, हे माझं उत्तर तिने ऐकलं न ऐकलं केलं आणि लक्ष्मणाला करंजी दिली.

शेवटी मी माझ्या वकील मित्राला फोन लावला, आणि तिथे मला आपल्या कायद्याविषयी नव्याने आदर वाटला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या आहे आणि ती समजावी म्हणून खाली उदाहरणं दिली आहेत. त्यात एक उदाहरण चक्क कुत्र्याचं. अ हा माणूस कुत्र्यांना भुलवणारं आमिष खिशात ठेवतो, त्यामुळे य चा कुत्रा त्याच्या मागे जातो. अ चा इरादा लबाडीचा असेल तर कुत्रा त्याच्या मागे चालू लागला त्याच क्षणी चोरी झाली. घरी न्यायची गरज नाही, बांधायची गरज नाही, चार पावलं पुरेत. दीडशेहून जास्त वर्षं हा अ आपल्या कायद्यात खिशात काहीतरी घेऊन हिंडतो आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलम ३७८ चं ३०३ झालं, पण अ चा खिसा तसाच राहिला. संसदेत कुणाला तो काढावासा वाटला नाही, म्हणजे विषय गंभीर आहे.

मी हे आत्याला अक्षरशः वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं.

“मी साडी नेसते,” ती म्हणाली. “मला खिसा कुठला?”

“अगं, पण त्या रात्री तू त्याला पार्ले-जी दिलंस.”

“ते ताटलीत दिलं.”

यावर वकील मित्र फोनवरच काही वेळ हसला आणि मग म्हणाला की चोरीचं सोड, सापडलेली वस्तू लबाडीने आपलीशी करण्याचं कलम निराळं आहे, ३१४. वस्तू सापडली, ती मालकासाठी जपून ठेवली तर गुन्हा नाही. पण मालक शोधण्याचे वाजवी प्रयत्न न करता ती वापरायला काढली तर सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. “लक्ष्मणाला मी वापरते कुठे,” आत्या म्हणाली, “तोच मला वापरतो.” हे खरं होतं. पहाटे पाचला उठून त्याला कृष्णेच्या घाटावर न्यायचं काम सत्तरीतल्या बाईच्या गळ्यात पडलं होतं आणि तिचा गुडघा कधी नव्हे इतका बरा होता.

आता एक सांगतो, ज्यामुळे मला आत्याच्या भूतदयेचा संशय येऊ लागला. त्याच गल्लीच्या तोंडाशी एक काळं गावठी कुत्रं कैक वर्षं आहे. थंडीत, पावसात, फटाक्यांत तेही घाबरतं आणि तेही आत्याच्याच पायरीवर येतं. त्याला लक्ष्मीने पाठवलंय असं कुणाला वाटलं नाही. त्याच्यासाठी दाराआड पाण्याची बादली भरून ठेवलेली असते. गावठी कुत्रं कुणी चोरत नाही, त्याला कुणी दाबून ठेवत नाही, आणि कुणी उचललंच तर ते परत मिळायची सोय सरकारने करून ठेवली आहे: २०२३ च्या नियमांनुसार महापालिकेने भटकं कुत्रं नसबंदीसाठी नेलं की लस टोचून जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. शाळा-इस्पितळांच्या आवारांचा अपवाद सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये केला, तो वेगळा. थोडक्यात, ज्याला कुणी मालक नाही ते सहीसलामत आपल्या कोपऱ्यावर परत येतं आणि ज्याच्यासाठी घरातलं पोर जेवत नाही ते दुसऱ्याच्या सोफ्यावर लक्ष्मण होऊन बसतं. आपली दया नाक, कान आणि बाजारभाव बघून पाझरते. ‘हच’च्या जाहिरातीत तो चपट्या तोंडाचा पग पोराच्या मागे फिरू लागला त्यानंतर किती जणांना एकाएकी पगांविषयी कळवळा आला, आठवून बघा.

परदेशात हा धंदा जुना आहे. लंडनमध्ये १८४० च्या दशकात श्रीमंतांची कुत्री पळवून खंडणी घेणाऱ्या टोळ्या होत्या. कवयित्री एलिझाबेथ बॅरेटचा फ्लश तीनदा पळवला गेला, आणि १८४६ मध्ये घरच्यांचा विरोध असताना ती आजारी बाई स्वतः चोरांच्या वस्तीत गेली. तिथला कायदा कुत्र्याला परवा-परवापर्यंत टीव्ही संचाच्या रांगेत बसवत होता. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडसाठी २०२४ मध्ये निराळा कायदा आला आणि कुत्रा पळवणं किंवा अडकवून ठेवणं याला पाच वर्षांपर्यंत कैद झाली. अमेरिकेत २०२१ साली गायिका लेडी गागाचे दोन कुत्रे पळवताना चोरांनी ते फिरवायला नेणाऱ्यावर गोळी झाडली. तिने पाच लाख डॉलरचं बक्षीस लावलं, एका बाईने कुत्रे आणून दिले, पुढे तिच्यावरच चोरीचा माल बाळगल्याचा ठपका आला, तरी तिने बक्षिसासाठी दावा लावला आणि तो २०२३ मध्ये फेटाळला गेला. आत्याला यातलं एकच वाक्य भिडलं. “पाच लाख डॉलर? आणि कुत्रं दिलं?”

आमच्याकडचं बक्षीस इतकं नेमकं नव्हतं. विश्रामबागेच्या बाजूला विजेच्या खांबावर, एका युवा नेतृत्वाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली मला कागद दिसला. ‘हरवला आहे. ब्रूनो. लॅब्राडोर, सोनेरी, प्रेमळ. आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस.’ मी फोटो काढून आत्याला दाखवला. तिने चष्मा लावून निरखला. “छे. हे बारीक आहे.” बारीक होतंच. त्याला करंज्या मिळत नव्हत्या.

मालकांनाही मी सोडणार नाही. पालिकेचा परवाना काढायचा नाही, गळ्यात नंबर लटकवायचा नाही, कातडीखाली बसवायची ती एवढीशी चिप असते हे ऐकून ‘अय्या, दुखेल ना त्याला’ म्हणायचं, लक्ष्मीपूजनाला दार सताड उघडं ठेवून दहा हजारांची माळ लावायची आणि मग खांबाखांबावर ‘प्रेमळ’ लिहीत हिंडायचं. लॅब्राडोर प्रेमळ आहे ही ओळख पटवायची खूण झाली का? लॅब्राडोर चोरावरही प्रेम करतो. तोच तर घोटाळा आहे.

फोडलं ते जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने. आत्या प्रामाणिकपणे लक्ष्मणाला रेबीजची लस द्यायला घेऊन गेली. कंपाउंडर त्याचा फाटका कान बघून म्हणाला, “हा ब्रूनो ना?” आणि लक्ष्मणाने मान वळवली ती थेट शेपटीपर्यंत. “सुईला घाबरून वळला,” असं आत्या अजून म्हणते. संध्याकाळी बुलेट आली. मालक, बायको आणि मागे रिक्षातून पोरगा. पुढे जे झालं त्यात फराळाची दोन ताटं आणि एक कुंडी गेली.

वकील मित्राने मला आणखी एक कलम सांगितलं होतं आणि मी ते भाबडेपणाने आत्याच्या कानावर घातलं होतं. १८७२ च्या करार कायद्याचं १६८ वं. वस्तू सापडलेल्याने ती सांभाळायला आणि मालक शोधायला केलेल्या खर्चासाठी त्याला दावा लावता येत नाही, पण तो खर्च मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. बक्षिसासाठी दावा लावता येतो, पण बक्षीस नेमकं जाहीर झालेलं हवं, ‘योग्य’ चालत नाही. आत्या आत गेली आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेला हिशोब घेऊन आली. दूध, अंडी (ती गच्चीत उकडली), जंताचं औषध, लस, एक कुंडी.

मालक भला माणूस. तो निमूटपणे वाचत गेला. मध्येच म्हणाला, “काकू, आमचा बत्तीस किलोचा होता हो.” आत्या म्हणाली, वाढीव वजनाचे पैसे मी लावलेले नाहीत. मग तो शेवटच्या ओळीवर अडला. ‘मालकाचा शोध: नरसोबाची वाडी, एसटी, जाऊन-येऊन, अर्धं तिकीट.’

“वाडीला? आम्ही विश्रामबागेत राहतो.”

आत्या दर पौर्णिमेला वाडीला जाते, कुत्रा असो वा नसो, हे मला माहीत होतं. मी कुंडीची माती भरत राहिलो.

“दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यांना यातलं कळतं,” आत्या म्हणाली. “सांगून आले त्यांना, याचा कुणी मालक असेल तर पाठवून द्या. मग? आलात की नाही तुम्ही?”