बिघाड वर्सोव्याला आहे

बोरिवली असो, मुलुंड असो की घाटकोपर, सोसायटीत एक नेटवाले काका असतातच. ते निवृत्त असतात, खिशात टेस्टर बाळगतात आणि कुणाकडे इंटरनेट मंदावलं की न बोलावता येतात. चपला काढता काढताच निदान तयार असतं: "लाइन मागूनच डाऊन आहे." मागून म्हणजे थेट समुद्रातून. या सिद्धान्ताला अगदीच आधार नाही असं नाही. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट खरोखरच रखडलं. देशात येणाऱ्या अशा कितीतरी केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात, हेही खरं. एवढ्या भांडवलावर काकांचा धंदा आजवर चालू आहे. मुलुंडमध्ये व्हिडिओ अडकला की त्यांना भूमध्य समुद्रात नांगर टाकलेलं जहाज दिसतं.

काकांचं ज्ञान खरं आहे, फक्त ते फार लांबचं आहे. वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर नेट मंद असेल, तर आधी राऊटरपासून लॅपटॉपपर्यंतची वायर पाहावी. पुरावा समोरच असतो. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, स्पीड टेस्टचा आकडा ९४. सकाळी ९४, रात्री ९४, गणपतीत ९४. समुद्रातला बिघाड इतका शिस्तीचा नसतो. लॅनच्या वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्या जादा दोन जोड्यांतली एखादी तार तुटली की दोन्ही टोकांची यंत्रं बहुधा आपसात ठरवून मुकाट्याने १०० वर येतात. तक्रार नाही, लाल दिवा नाही, आणि वरचा खर्च वजा जाता हाती ९४-९५ उरतात. तार तुटायला उपनगरातल्या फ्लॅटसारखी जागा नाही. भिंतीला भोक नको म्हणून वायर हॉलच्या खिडकीतून बाहेर काढतात, ग्रिलला सुतळीने बांधतात आणि बेडरूमच्या खिडकीतून आत घेतात. पावसाळा लागला की तीच सरकती खिडकी रेटून लावली जाते. त्यातूनही वायर वाचली, तर नव्या वॉर्डरोबचा सुतार खिळा घेऊन येतोच.

मग कंपनी काय धुतल्या तांदळासारखी? मुळीच नाही. रात्री नऊनंतर आकडा खाली-वर होत असेल आणि पहाटे पूर्ववत येत असेल, तर गर्दी कंपनीच्या लाइनवर असण्याची शक्यता मोठी. तिथे काकांना पैकीच्या पैकी गुण द्यावेत. वायर बदलूनही टीव्हीवर ९४ च येतात, हा आक्षेपही रास्त आहे. पण बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्टच १०० चं असतं. अशा टीव्हीवर वायफाय वायरीच्या पुढे धावू शकतं, आणि ही गोष्ट काकांना तंत्रज्ञानाची नव्हे, संस्काराची घसरण वाटते. डाऊनलोडच्या खिडकीत दिसणाऱ्या १२ या आकड्यावर तर त्यांनी सोसायटीच्या सभेत भाषण केलेलं असतं: "शंभरचे पैसे घेतात आणि बारा देतात!" तो आकडा मेगाबाइटचा असतो, प्लॅन मेगाबिटचा, आणि आठाने भागलं की चोरी नाहीशी होते. पण इतका चांगला मुद्दा कोण भागायला देईल?

दोन मीटरची नवी वायर लावून पाहणं इतकं सोपं असताना काका ते का करत नाहीत, हा खरा प्रश्न. अलेक्झांड्रियाच्या बिघाडासाठी कुणाला उठावं लागत नाही. तो सांगून, चहा पिऊन निघता येतं. घरातल्या बिघाडासाठी शोकेस सरकवावं लागतं, मागची जळमटं पाहुण्यादेखत बाहेर येतात, आणि ही वायर इथून कुणी ओढली होती, असाही प्रश्न निघतो. ती बहुधा काकांनीच ओढलेली असते. खुद्द काकांच्या घरी ती खिडकीत चेमटते, हे काकू गेले दोन पावसाळे सांगताहेत. पण काकूंना मेगाबिटमधलं काही कळत नाही, असं काकांचं स्पष्ट मत आहे.