हे अंशतः खरे आहे

विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची छापील यादी ज्यांच्या हाती कधी पडली नाही, त्यांच्यासाठी एक नमुना. गाव काल्पनिक, बाकी सगळं नेहमीचं.

‘सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) मौजे अमुक ते तमुक या रस्त्याचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तर : ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

म्हणजे रस्ता अंशतः वाहून गेला. ठेकेदाराचं बिल तेवढं पूर्णतः निघालं.

मंत्र्यांवर रागावू नका, हे उत्तर त्यांनी लिहिलेलंच नसतं. प्रश्न विधिमंडळ सचिवालयातून मंत्रालयात कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. तिथून ‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा मिरवत मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता असा खाली उतरतो आणि अखेर त्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका ज्याच्या कपाटात आहे, त्याच शाखा अभियंत्यापाशी पोचतो. तो माहिती देतो. ती आल्या वाटेनं वर चढते. प्रत्येक टेबलावर तिचा एखादा कंगोरा घासला जातो आणि मंत्र्यांच्या हाती येईपर्यंत ‘निकृष्ट’चं ‘अंशतः’ झालेलं असतं. ज्याच्याविषयी तक्रार, त्यानंच खुलासा लिहायचा आणि तो सरकारच्या तोंडून वाचला जायचा. यापेक्षा सोयीचा कारभार कुठल्या राज्यात असेल, तर कळवावं.

प्रश्नही काही आमदारसाहेब रात्र जागून लिहितात असं नाही. पीए वर्तमानपत्राचं कात्रण काढतो, त्याला ‘हे खरे आहे काय’ची झालर लावतो आणि पाठवून देतो. तेच कात्रण इतर पंधरा पीएंनीही काढलेलं असतं. त्यामुळे यादीत प्रश्न चार ओळींचा आणि विचारणाऱ्यांची नावं आठ ओळींची. कात्रणाच्या एका टोकाला बातमीदार आणि दुसऱ्या टोकाला शाखा अभियंता. मधले सगळे टपाल खात्यात.

नियम करणारे मात्र भाबडे नव्हते. छापील उत्तर कसं असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर प्रश्नांच्या दोन जाती केल्या. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं, विषय संपतो. तारांकिताला मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न झेलायचे. खरी मेख या उपप्रश्नात आहे. पहिल्या प्रश्नाची सूचना आधी गेलेली असते, त्याला अख्खं खातं उत्तर देतं. दुसरा प्रश्न आयत्या वेळी येतो, त्याला मंत्री एकटा उत्तर देतो. गॅलरीतून अधिकाऱ्याची चिठ्ठी येईपर्यंतची जी दहा-पंधरा सेकंदं असतात, तेवढीच काय ती संसदीय लोकशाही.

सरकारांना हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा बरं कळतं. सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या काळात संसदेचं अधिवेशन भरलं, तेव्हा प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला. लेखी उत्तरं मात्र चालू ठेवली. विषाणू पहिल्या प्रश्नाला काही करत नव्हता. तो थेट दुसऱ्या प्रश्नातून पसरत होता.

आता हा दुसरा प्रश्न गाजवणारी माणसं होती का? होती. आणि त्यातल्या एकाला तर दुसऱ्या प्रश्नाचा अधिकारही नव्हता.

१८९२ च्या ब्रिटिश कायद्यानं कायदे कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा दिली, उपप्रश्नाची नाही. अर्थसंकल्पावर बोलायचं, पण मत द्यायचं नाही. अशा कौन्सिलात १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले आणि सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले. दुष्काळानं आणि प्लेगानं रयत मेटाकुटीला आलेली असताना तिजोरीत शिल्लक पडते, ती कशी? करच जादा घेता म्हणून. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. १९०३ पासून तो उतरत गेला आणि १९०७ साली रुपयावर आला. सगळं श्रेय गोखल्यांच्या पदरात टाकायचं कारण नाही, पण हातात ना मत, ना उपप्रश्न, केवळ त्रैराशिक. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारायची परवानगी १९०९ च्या कायद्यानं दिली. आज दोन्ही अधिकार आहेत. त्रैराशिक तेवढं अभ्यासक्रमातून गेलं.

दुसरं उदाहरण १९५७ चं. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. सप्टेंबरात लोकसभेत रामसुभग सिंह यांनी विचारलं, हे खरं का? मोघम उत्तर आलं. आजच्या रिवाजानं विषय तिथंच मिटला असता आणि प्रश्नकर्त्यानं मंत्रिमहोदयांचे आभार मानले असते. पण नोव्हेंबरात पुन्हा प्रश्न आला, उपप्रश्न आले. डिसेंबरात फिरोज गांधी कागद घेऊन उभे राहिले. पंतप्रधानांचे जावई, सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि समोर त्यांच्याच पक्षाचे अर्थमंत्री. पुढे मुंबईत न्यायमूर्ती छगलांनी भर लोकांसमोर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. ‘हे खरे आहे काय’पासून राजीनाम्यापर्यंत जेमतेम सहा महिने. हल्ली एवढ्या वेळात समितीचा अध्यक्षही ठरत नाही.

तर आजचा उपप्रश्न. त्याच्या चार जाती आढळतात.

पहिला, अभिनंदनपर. ‘अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदयांनी अत्यंत सकारात्मक उत्तर दिलं त्याबद्दल मी त्यांचं अभिनंदन करतो आणि विचारू इच्छितो की, असंच काम ते पुढेही करणार का?’ मंत्री थोडा विचार करून ‘होय’ म्हणतात.

दुसरा, भाषणपर. छत्रपतींपासून सुरू होऊन मतदारसंघातल्या नाल्यापाशी येतो. अध्यक्ष ‘प्रश्न विचारा, प्रश्न विचारा’ म्हणत राहतात. प्रश्न येत नाही, वेळ संपते. भाषणाची चित्रफीत मात्र नाल्याकाठच्या प्रत्येक मोबाइलवर संध्याकाळपर्यंत पोचते. खाली वाघाची डरकाळी, वर ढोल.

तिसरा, भिंतीपलीकडचा. मूळ प्रश्न गडचिरोलीच्या आरोग्यकेंद्राचा असतो. सदस्य म्हणतात, ‘याच धर्तीवर माझ्याही मतदारसंघात...’ आणि गडचिरोली पुन्हा एकदा सभागृहाबाहेर जाते.

चौथा, सर्वांत लोकप्रिय. ‘यासंदर्भात बैठक लावणार का?’ मंत्री म्हणतात, ‘अधिवेशन संपायच्या आत बैठक लावू.’ बाकं वाजतात. प्रश्न चव्हाट्यावर विचारायचा म्हणून सभागृह बांधलं आणि तिथं जाऊन काय मागितलं, तर बंद दाराआडची बैठक.

हे चारही मंत्र्याला अडवत नाहीत. फारच आरडाओरड झाली तर मंत्र्याकडेही रामबाण असतो : एखाद्या अधिकाऱ्याला तिथल्या तिथं निलंबित केल्याची घोषणा. टाळ्या पडतात. धोरण कोणाचं, मंजुरी कोणाची, पैसे कोणी सोडले, हे प्रश्न त्या टाळ्यांत बुडतात. तो अधिकारी पुढे कुठं गेला, हा उपप्रश्न पुढच्या अधिवेशनात कोणी विचारल्याचं क्वचितच दिसतं.

मंत्री सभागृहात असतात हेही नशीबच. मार्च २०२३ मध्ये लक्षवेधीला मंत्री गैरहजर म्हणून तेव्हाचे विरोधी पक्षनेते कडाडले, आणि त्यांचं बरोबरच होतं. जुलैत ते स्वतःच मंत्र्यांच्या बाकावर आले. तक्रार निकालात काढायचा हा मार्ग नियमावलीत नाही, पण परिणामकारक आहे. जे हजर असतात, त्यांचंही पाहू. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर पत्त्यांचा खेळ खेळताना दिसतात, अशी चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. सरकारला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

हे झालं रस्त्यांचं आणि पत्त्यांचं. पैशांची गोष्ट आणखी मजेची. २८ जून २०२४ रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. त्याच अधिवेशनात, दोन आठवडेही उलटायच्या आत, ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. निवडणूक नोव्हेंबरात होती, हा योगायोग. इथं उपप्रश्न एकच होता : हा खर्च पंधरवड्यापूर्वी माहीत नव्हता, की माहीत होता आणि सांगायचा नव्हता? टीका झाली, पायऱ्यांवर घोषणा झाल्या आणि मागण्या मंजूर झाल्या. पुरवणी म्हणून घेतलेले पैसे अनेक खात्यांत खर्चच होत नाहीत, असं ‘कॅग’ आपल्या अहवालांतून सांगत आलं आहे. तो अहवाल पटलावर येतो बहुधा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, म्हणजे आमदारांच्या गाड्यांची इंजिनं सुरू झाल्यावर. ज्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चेला वेळच उरत नाही, त्यांच्यासाठी गिलोटिन आहे, म्हणजे चर्चेविना थेट मतदान. फ्रान्समध्ये त्यानं राजाचं मुंडकं उडवलं, आपल्याकडे ते राजाला सांभाळून चर्चेचं उडवतं.

मग आमदार दुसरा प्रश्न का विचारत नाहीत? अभ्यास नसतो, हे अंशतः खरे आहे. विरोधकांची संख्या आटली, हेही अंशतः खरे आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनं महायुतीला २३० जागा दिल्या आणि त्यानंतर विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची खुर्चीच भरली गेली नाही. पण पूर्ण खरं वेगळंच आहे. त्याचं नाव निधी.

आमदाराला स्थानिक विकास निधीचे वर्षाला पाच कोटी मिळतात, ते हक्काचे. त्यापलीकडचा रस्ता, पूल, पाणीयोजना, तीर्थक्षेत्र विकास हे सगळं मंत्र्याच्या मर्जीवर. विरोधी आमदारांना निधी मिळत नाही, ही तक्रार सरकार कोणाचंही असलं तरी तीच असते, फक्त तक्रार करणारे बाक बदलतात. सकाळी ज्याला सभागृहात कोंडीत पकडायचं, दुपारी त्याच्याच दालनात पत्र घेऊन उभं राहायचं. अशा माणसाला तिखट उपप्रश्न सुचला, तरी तो गिळावा लागतो.

डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून संसदेनं ११ खासदारांना घरी पाठवलं. दोघे आपल्या खानदेशातले होते. योग्यच झालं. पण प्रश्न न विचारल्याबद्दल कोट्यवधी मिळवले तर? त्याला कोणी लाच म्हणत नाही. त्याच्या फलकावर ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’ असं लिहितात, खाली फोटो छापतात आणि आपण त्या फलकाखाली उभं राहून पेढे खातो.

होय, आपणच. आमदार दारात आला की आपण सभामंडप मागतो, पेव्हर ब्लॉक मागतो, दशक्रियेचा ओटा मागतो, बदलीचं पत्र मागतो. खात्याच्या मागण्यांवर तो काय बोलला, हे विचारणारा मतदार त्याला भेटलेला नाही. ज्या परीक्षेला गुणच नाहीत, तिचा अभ्यास तो कशाला करेल?

तेव्हा पुढच्या भूमिपूजनाला नारळ फुटू द्या, हार पडू द्या. मग माइकसमोरच विचारा : ‘साहेब, मागच्या अधिवेशनात तुम्ही मंत्र्याला कोणता उपप्रश्न विचारलात?’ साहेब म्हणतील, ‘अनेक प्रश्न मांडले, सरकार सकारात्मक आहे.’ हे झालं छापील उत्तर. त्यावर गप्प बसलात, तर तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय? लगेच दुसरा विचारा.