धान, दप्तर आणि घरातला एकच मोबाईल

(आश्विन-कार्तिकातील पालकांसाठी मार्गदर्शक सूचना. दवनीवाडा व आजूबाजूच्या गावांना तात्काळ लागू.)

प्रस्तावना : बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडते, आपल्या विदर्भात उन्हापायी आठवडाभर उशिरा. मग सगळी घाई दिवाळीआधी होते, म्हणजे नेमकी हलके धान कापणीला आले असताना. सत्र परीक्षा, क्रीडा स्पर्धा, शिष्यवृत्तीचे कागद आणि विळा ही चारही कामे एकाच पंधरवड्यात करायची असल्याने पालकांनी खालील नियम काटेकोर पाळावेत.

नियम 1. मोबाईल कुठे आहे ते आधी पाहावे.

धानविक्रीच्या नोंदणीला आधार कार्ड, पासबुक आणि मोबाईल नंबर लागतो. पोराच्या शिष्यवृत्तीच्या अर्जालाही तेच लागते. अडचण एवढीच की घरात माणसे सहा आणि मोबाईल एक. आई सेवा केंद्रात खुर्चीवर बसलेली असते, केंद्रवाला "ओटीपी सांगा ताई" म्हणतो, आणि तो ओटीपी बांधीत, धुऱ्यावरच्या पळसाला टांगलेल्या सदऱ्याच्या खिशात वाजतो. बाबा चार बांध्या पलीकडे कापणीला वाकलेले. ते घाम पुसत येईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. यावर उपाय सोपा आहे. सदऱ्याजवळ वाचता येणारा माणूस बसवावा. घरात पटापट वाचता येणारा माणूस म्हणजे पाचवीतला पोरगा, म्हणून त्या दिवशी त्याला घरी ठेवावे. शिक्षणाच्या अर्जासाठी बुडालेली शाळा बुडाली असे धरत नाहीत.

नियम 2. नवोदयचे नाव जपून घ्यावे.

आपल्या जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय नवेगावबांधला आहे. सहावीच्या प्रवेशाला जागा 80, त्यातल्या किमान तीन चतुर्थांश ग्रामीण मुलांसाठी. परीक्षा दोन तासांची, गुण 100, प्रश्न 80. प्रश्न 80 आणि जागाही 80, म्हणजे एका प्रश्नाला एक जागा, असा हिशेब पोराने मांडला तर त्याला आणखी एक शिकवणी लावावी. अर्जाची मुदत बहुतेकदा वाढते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून पालकांनी शेवटच्या दिवशी धावपळ करू नये. वाढीव मुदतीच्या शेवटच्या दिवशी करावी. पेपरात निम्म्याहून जास्त गुण बुद्धिमत्तेला नाहीत, फक्त 50 आहेत, हेही लक्षात असू द्यावे. पोरगा नापास झाला तर तेवढ्यावर आजोबांचे समाधान करता येते.

नियम 3. 15 ऑक्टोबरची तयारी 14 च्या रात्री करू नये. पण होणार तेव्हाच.

या तारखेला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती. ती 2015 पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. हाच दिवस जागतिक हात धुवा दिनही आहे. पोरगी रात्री नऊला अंथरुणावरून सांगते, "बाबा, उद्या एक पुस्तक अन् साबन पायजे." साबण मिळतो. पुस्तकासाठी घर धुंडाळल्यावर पंचांग, धानाच्या बियाण्याची माहितीपत्रिका आणि गेल्या वर्षीचे गाईड हाती लागते. पंचांग द्यावे, त्यात वाचण्यासारखे बरेच असते. दोन्ही कार्यक्रमांचे फोटो निघतात, तेव्हा आधी वाचन आणि मग हात, हा क्रम पोरीला बजावून सांगावा. उलट झाल्यास एकादशीची पाने चिकटतात.

नियम 4. दप्तर धानाच्या काट्यावर मोजावे.

केंद्राचे शालेय दप्तर धोरण 2020 सालचे आहे. त्यानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. पोरगा 25 किलोचा तर दप्तर अडीच किलोचे. घरात 40 किलोचे कट्टे मोजायचा काटा असतोच. त्यावर आधी पोरगा ठेवावा, मग दप्तर. आकडा जुळला नाही तर वह्या काढू नयेत, सर विचारतात. पोराला दोन घास जास्त वाढावेत. त्याचे वजन वाढले की दप्तर आपोआप नियमात बसते.

याच धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, असे आहे. ही मर्यादा मुलांची आहे. पालकांच्या गृहपाठाला धोरणात मर्यादा दिसत नाही, त्यामुळे पानांच्या संग्रहाची वही आईने कंदमुळांसकट रात्री अकरापर्यंत पुरी करण्यास हरकत नाही.

नियम 5. खो-खोला नाही म्हणू नये.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. पोरगी निवडली गेली की घरी जन्मतारखेचा दाखला शोधण्याची स्पर्धा सुरू होते, तिला वयोगट नाही. बूट नसले तर पोरगी म्हणते, "अनवानीच बरी पडते." ते खरे असते. बांधीच्या पारीवरून डबा घेऊन पळणाऱ्या पोरीला मैदान सपाट मिळाले हीच मोठी सवलत.

नियम 6. मामाच्या गावाचा दाखला अमान्य करावा.

वैनगंगेपलीकडे बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्य प्रदेश. तिथल्या सुट्ट्यांची यादी वेगळी. आपली परीक्षा चालू असताना मामेभाऊ घरी असतो आणि फोन करून ते मुद्दाम कळवतो. अशा वेळी राज्य पुनर्रचनेवर चर्चा टाळावी आणि मोबाईल काढून घ्यावा. (तो बांधीत गेला असल्यास नियम 1 पाहावा.)

नियम 7. मंडईपुढे इलाज नाही.

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि नाटक संपते तेव्हा कोंबडे आरवत असते. मंडया दिवाळीच्या सुट्टीपुरत्या थांबत नाहीत. आज या गावी, उद्या त्या गावी, शाळा उघडल्यावरही चालूच. पोराला नेऊ नये असे ठरवून पालकांनी संध्याकाळी निघावे. पोरगा आधीच पुढच्या रांगेत बसलेला सापडतो. दुसऱ्या दिवशी तो उठत नाही. तेव्हा "पोट दुखत असल्याने गैरहजर" अशी चिठ्ठी लिहावी आणि ती स्वतः नेऊन द्यावी. चिठ्ठी घेताना गुरुजींचेही डोळे लाल असतात. ते पोटाची चौकशी करतात, आपण "बरे आहे आता" म्हणावे. तिसऱ्या अंकाविषयी दोघांपैकी कुणीही बोलू नये.