काका, काकू आणि निम्मा टोल

दक्षिण कॅलिफोर्नियात कोरोना नावाचं गाव आहे. साथीच्या कितीतरी आधीपासून आहे. माझा पुतण्या राहतो तिथे आणि नोकरीला जातो आयर्विनला. मधल्या रस्त्याचा नंबर ९१. संध्याकाळी पूर्वेकडे निघालात की तो रस्ता राहत नाही, पार्किंग होतो.

यावर तोडगा म्हणून १९९५च्या डिसेंबरात रस्त्याच्या मधोमध दहा मैलांच्या टोलच्या लेन सुरू झाल्या. या लेन आणि बाकीच्या रस्त्याच्या मध्ये प्लास्टिकचे खांब. गर्दीच्या तासाला टोल चढतो, रात्री उतरतो.

एका संध्याकाळी पुतण्याच्या गाडीतून आम्ही दोघं या लेनमध्ये शिरलो. फलकावरच्या डॉलरचे सौ.ने रुपये केले आणि ती दचकली. "अरे, अख्ख्या पुणे-मुंबई एक्सप्रेसवेला ३२० रुपये पडतात. त्यात घाटही बघायला मिळतो!"

"काकू, गाडीत तीन माणसं असली की टोल माफ."

सौ. ताठ बसली. नुसतं बसण्याला पहिल्यांदाच मोल आलं होतं.

"फक्त चार ते सहा या वेळात निम्मा लागतो."

घड्याळात साडेचार. आम्हा दोघांचा भाव जागच्या जागी कोसळला.

आमची गाडी सुसाट, खांबांपलीकडच्या ठप्प. पुतण्या सांगत होता, २००५ साली स्मॉल, विन्स्टन आणि यान या अर्थतज्ज्ञांनी याच रस्त्याचा अभ्यास छापला. वाचलेल्या तासाला इथली माणसं तेव्हा साधारण २१ डॉलर मोजायला तयार होती, म्हणजे जवळपास तासाचा पगारच. शिवाय वेळेवर पोचण्याच्या खात्रीचे वेगळे.

"खात्रीचे कसले पैसे?"

"पाळणाघरातून मुलीला आणायला उशीर झाला की दंड असतो, काकू."

"आज आणायचंय तिला?"

"नाही, आज ती घरीच आहे."

हे बोलताना त्याची नजर शेजारच्या लेनवर होती आणि चेहऱ्यावर पंगतीत जिलबीचं पहिलं ताट आपल्याकडे वळल्याचं समाधान. वाचलेला वेळ सौ.ने कोरोनातल्या वाण्याकडे मेथीच्या जुड्या उलटसुलट करण्यात सत्कारणी लावला. तासाला २१ डॉलरच्या हिशेबाने ती भाजी आम्हाला चांगलीच महाग पडली.

माझं मत विचाराल तर या टोलात मिनिटांचे पैसे थोडे आणि अडकलेल्यांकडे बघत जाण्याचे जास्त. तेव्हा ९१वर जाल तर ऐन गर्दीतच जा. मोकळ्या रस्त्यावर भरलेला टोल अंगी लागत नाही.